परदेशी तंत्रविद्यापीठ आणि घरचा कारखाना

जुन्या, नामवंत परदेशी तंत्रविद्यापीठात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याविषयी महाराष्ट्रातील सुशिक्षित समाजात दोन परस्परविरोधी मते अनेक दशके नांदत आली आहेत. असे शिक्षण ही विद्यार्थ्याची आणि त्याच्यामार्फत देशाची कमाई होय, असे एक मत सांगते. तर ज्या समाजाने त्या विद्यार्थ्याला पहिलीपासून पदवीपर्यंत शिकवले त्या समाजाच्या वाट्याला शेवटी वजाबाकीच येते, असे दुसरे मत बजावते. पुढील संवादात ही मते दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत. त्यांतील एक पुण्यात यंत्र अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेली प्राध्यापिका आहे. दुसरा अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेऊन परतलेला आणि पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करणारा अभियंता आहे. चर्चा हवेत राहू नये म्हणून तिला एकाच संस्थेचा आधार दिला आहे. ती संस्था म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी. पुण्यात याच आद्याक्षरांनी ओळखली जाणारी संस्था वेगळी.

भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बार्टन रॉजर्स यांच्या खटपटीतून या संस्थेला १० एप्रिल १८६१ रोजी राज्याची सनद मिळाली आणि दोनच दिवसांनी अमेरिकेत यादवी युद्धाचा भडका उडाल्यामुळे प्रत्यक्ष वर्ग सुरू व्हायला १८६५ साल उजाडले. आरंभीची पन्नास वर्षे ती बॉस्टन शहरात होती आणि १९१६ मध्ये चार्ल्स नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये हलली. त्या काळातील अमेरिकी महाविद्यालये प्रामुख्याने अभिजात भाषा, व्याख्याने आणि पाठांतर यांवर उभी असताना विज्ञान हे विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने पडताळून शिकावे, असा रॉजर्स यांचा आग्रह होता. संस्थेच्या मुद्रेवर हातोडा घेतलेला कारागीर आणि ग्रंथ घेतलेला विद्वान असे दोघे शेजारी शेजारी आहेत, ते याच आग्रहापोटी. विद्युत अभियांत्रिकीचा स्वतंत्र अभ्यासक्रम येथे १८८२ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी पुण्याचे केशव मल्हार भट हे पहिले भारतीय विद्यार्थी म्हणून तेथे दाखल झाले. स्वातंत्र्यापूर्वी तेथे शिकलेल्या भारतीयांची संख्या शंभराच्या आसपास भरते, म्हणजे ती फार मोठी नव्हती. परंतु त्या थोड्या माणसांच्या वाटचालीतून या वादाचा जितका उलगडा होतो तितका आजच्या मोठमोठ्या आकड्यांतून होत नाही. म्हणून संवाद तेथूनच सुरू होतो.

अभियंता : बाई, १८८२ च्या पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण नव्हते असे नाही. १८५४ मध्ये सरकारने काढलेला वर्ग तोवर महाविद्यालयाच्या रूपाला आला होता. पण सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवणे हा त्याचा मूळ हेतू होता. यंत्र घडवणारा किंवा कारखाना उभारणारा माणूस तयार करावा, अशी गरज राज्यकर्त्यांना वाटत नव्हती; यंत्रे आणि कापड इंग्लंडहून येत होते आणि ते तसेच येत राहण्यात त्यांचे हित होते. अशा वेळी पुण्याचा एक तरुण इंग्लंड सोडून अमेरिकेची वाट धरतो, आणि पुण्यातूनच निघणारे ‘मराठा’ हे इंग्रजी पत्र त्याच दशकात एमआयटीचा नमुना वाचकांपुढे ठेवते. यामागे परदेशाची ओढ होती असे कसे म्हणावे? राज्यकर्ता जे द्यायला तयार नव्हता ते दुसरीकडून मिळवण्याची ती निकड होती.

प्राध्यापिका : ती निकड खरी होती, याविषयी वाद नाही. पण एमआयटीच्या वर्गांत भारतीयांच्या आधी जपानी विद्यार्थी येऊन गेले होते, हेही तुम्ही लक्षात घ्या. होन्मा एइइचिरो यांनी १८७४ मध्ये तेथे स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले, दान ताकुमा यांनी १८७८ मध्ये खाणकामाचे. होन्मा परतले तेव्हा जपानमध्ये लोहमार्ग घातले जात होते आणि त्या कामात त्यांना जागा होती. दान यांच्या हाती पुढे मीइके येथील कोळशाची खाण आली आणि अखेर ते मित्सुई या बलाढ्य उद्योगसमूहाचे प्रमुख झाले. शाळा तीच, प्रयोगशाळा तीच. पण पुण्याच्या विद्यार्थ्याची वाट पाहणारी खाण कोठे होती, लोहमार्गाच्या आखणीत त्याला कोण बसू देणार होते? शिक्षणाचे चीज विद्यापीठात होत नसते, ते परतल्यावर होते, आणि ज्या देशात परतल्यावर कामच नाही त्या देशाचा विद्यार्थी कितीही हुशार असला तरी त्याची विद्या वाया तरी जाते किंवा परक्याच्या कामी तरी येते.

अभियंता : सरकार पाठीशी नसेल तर समाज उभा राहू शकतो, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. पैसाफंडाचा विसर पडायला नको.

पैसाफंड म्हणजे देशी उद्योगांसाठी प्रत्येकाने वर्षाला निदान एक पैसा द्यावा, या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभा राहिलेला आणि लोकमान्य टिळकांचे पाठबळ मिळालेला निधी. त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला आणि तो उभारण्याचे तांत्रिक काम एमआयटीत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी केले. काच ही दिसायला साधी वस्तू असली तरी वाळू, सोडा आणि चुना यांचे प्रमाण, भट्टीचे तापमान आणि काच थंड करण्याचा वेग यांतील लहानशा चुकीनेही ती तडकते किंवा गढूळ निघते, त्यामुळे हे काम ऐकीव माहितीवर होण्यासारखे नव्हते. ज्यांनी एकेक पैसा दिला त्यांतील बहुतेकांनी प्रयोगशाळा कधी पाहिलीही नसेल. तरीही परदेशात मिळवलेल्या विद्येला पाय टेकायला जागा त्यांनीच करून दिली. या संबंध विषयात तळेगावच्या प्रसंगाइतका हृद्य प्रसंग दुसरा नाही आणि तांत्रिक शिक्षणाच्या मराठी चर्चेत तो इतका क्वचित यावा, ही खेदाची गोष्ट आहे.

प्राध्यापिका : पैसाफंडाने तर मूळ मुद्द्याला बळकटीच येते. त्याहून मोठे उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले आणि अमेरिकी तांत्रिक मासिके वाचून यंत्रविद्येत मुरले. औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथे लोखंडी नांगर ओतले जाऊ लागले. त्यांचे पुत्र शांतनुराव १९२२ मध्ये एमआयटीला गेले आणि १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले, तेव्हा ओतशाळा, यंत्रशाळा, कामगार आणि गिऱ्हाईक हे सगळे त्यांच्यासाठी तयार होते. पुण्यातील किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ चा. एमआयटीच्या शिक्षणाला किर्लोस्करवाडी मिळाली म्हणून ते फळाला आले, आणि मुख्य म्हणजे ते शिक्षण घेणारा माणूस परत आला. आजचे विद्यार्थी परत येत नाहीत. तुमच्यासारख्यांची गोष्ट निराळी. पण तुम्ही अपवाद आहात आणि अपवादावर धोरण आखता येत नाही.

अभियंता : बाई, त्या पिढीविषयी पूर्ण आदर ठेवूनही येथे एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियाचा एक विस्तीर्ण पट्टा ‘प्रतिबंधित’ ठरवून तेथील लोकांचे स्थलांतर बंद केले होते आणि त्या पट्ट्यात भारत होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अमेरिकी नागरिकत्व मिळवण्याचा हक्क नाही, असा निकाल दिला. त्या वेळी शांतनुराव तेथे शिकत होते. १९२४ च्या कायद्याने उरलीसुरली फटही बुजवली. विद्यार्थी म्हणून तात्पुरते राहण्याची मुभा होती, कायम राहण्याची नव्हती. १९४६ मध्ये वर्षाला शंभर भारतीयांना प्रवेश मिळू लागला आणि खरा बदल १९६५ च्या कायद्याने झाला. तेव्हा १९६५ पूर्वीचे बहुतेक सारे परतले आणि नंतरचे पुष्कळसे राहिले, यातून पहिल्या पिढीचे शील आणि दुसऱ्या पिढीचा स्वार्थ सिद्ध करता येत नाही. शांतनुराव कदाचित कोणत्याही परिस्थितीत परतले असते, कारण वडिलांचा कारखाना त्यांची वाट पाहत होता. पण सगळ्यांचे परतणे त्यागाच्या खात्यावर मांडले तर आजच्या मुलांवर अन्याय होतो.

प्राध्यापिका : ही दुरुस्ती स्वीकारायला हवी. परतणाऱ्यांची पिढी आणि न परतणारी पिढी अशी जी नैतिक तुलना आपल्याकडे घरोघर केली जाते, ती या कायद्यांकडे पाहिल्यावर टिकत नाही. पण त्यामुळे आजची काळजी कमी होत नाही, उलट वाढते. पूर्वी शिक्षण आणि स्थलांतर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्या कायद्यानेच वेगळ्या ठेवल्या होत्या. आता शिक्षण ही स्थलांतराची पहिली पायरी झाली आहे. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. एवढ्या विद्यार्थ्यांना तेथे पाठवणारी घरे प्रयोगशाळेच्या ओढीने पैसे उभे करतात, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

यापुढे काही काळ चर्चा व्हिसाच्या नियमांकडे वळते. एफ-१ हा पूर्ण वेळ विद्यार्थ्याचा व्हिसा असून त्यावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. पदवीनंतर विषयाशी संबंधित प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्यासाठी १२ महिन्यांची मुभा असते आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांत तिला आणखी २४ महिन्यांची जोड मिळते. त्यानंतर नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी परवान्यांची वार्षिक मर्यादा ८५ हजार असून अर्जदार त्याहून पुष्कळ अधिक असल्यामुळे निवड सोडतीने होते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादणारा आदेशही निघाला. घर गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाची फेड ज्या नोकरीवर अवलंबून आहे ती नोकरी अशा सोडतीवर टांगलेली असणे, ही या सगळ्या व्यवहारातील सर्वांत क्रूर बाजू आहे, आणि तिच्याविषयी दोन्ही संवादकांचे एकमत आहे.

अभियंता : म्हणूनच विद्यार्थ्याने कोठे, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने जायचे हे आधी नीट पारखावे. सगळ्यांना एका मापाने मोजू नये. एमआयटीत पीएच.डी. करणाऱ्या अभियंत्याचे शुल्क आणि राहण्याचा खर्च बहुतेक वेळा संशोधन साहाय्यकपदातून, म्हणजे मार्गदर्शकाच्या प्रकल्पावर काम करण्याच्या मोबदल्यातून भागतो. पदवी अभ्यासक्रमाचे वार्षिक शुल्क २०२४-२५ मध्ये सुमारे ६२ हजार डॉलर होते. तरीही प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याचीसुद्धा आर्थिक ऐपत पाहिली जात नाही, आणि प्रवेश मिळाल्यावर कुटुंबाला न पेलणारा भाग संस्था उचलते. असे करणारी विद्यापीठे अमेरिकेतही मोजकीच आहेत. स्वतःच्या खिशातून शुल्क भरावे लागणाऱ्या, व्यावसायिक स्वरूपाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची गोष्ट अगदी वेगळी असते. आणि कर्जात बुडालेला विद्यार्थी बहुधा त्या दुसऱ्या प्रकारात मोडतो, तेही अनेकदा कोणत्याही नावलौकिकाविना चालणाऱ्या महाविद्यालयात.

प्राध्यापिका : ठीक. मग निवड सर्वांत उत्तम झाली असे धरून चालू. त्या विद्यार्थ्याला तेथे असे काय मिळते, जे पुण्यात मिळत नाही? एमआयटीने २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांना विनामूल्य खुले करण्याची घोषणा केली. टिपणे, गृहपाठ, परीक्षांचे प्रश्न आणि पुष्कळ विषयांची चित्रित व्याख्याने आज जळगावच्या किंवा सावंतवाडीच्या मुलालाही घरबसल्या पाहता येतात. ज्ञान मोकळे झाले असेल तर मग सात समुद्र ओलांडून जायचे ते केवळ शिक्क्यासाठी?

अभियंता : व्याख्यान तेथील शिक्षणाचा सर्वांत लहान भाग आहे. दर आठवड्याला प्रत्येक विषयाचा ‘प्रॉब्लेम सेट’ असतो, विद्यार्थी त्याला ‘पी-सेट’ म्हणतात. पाच-सहा प्रश्न दिसायला थोडे असतात, पण त्यांतील एखादा पुस्तकात कोठेही नसलेल्या परिस्थितीविषयी असतो आणि तो सुटायला रात्र जाते. चार जणांनी एकत्र बसून चर्चा करायला बहुतेक विषयांत परवानगी असते, मात्र उत्तर प्रत्येकाने स्वतः लिहायचे आणि कोणाबरोबर काम केले ते वर नोंदवायचे. आपल्याकडे एकमेकांचे पाहून लिहिणे आणि एकमेकांबरोबर विचार करणे यांतील सीमारेषा पुसट झालेली असते. तेथे ती ठळक आहे आणि ती ओलांडणे हा गंभीर अपराध समजला जातो. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याची पहिली धडपड गणिताशी नसते, गणितात तो बहुधा तयार असतो. धडपड असते ती ‘हे अजून समजले नाही’ असे चारचौघांत म्हणण्याची. प्राध्यापकांना नावाने हाक मारणे, त्यांच्या ठरलेल्या वेळी जाऊन त्यांच्या निष्कर्षावर शंका घेणे आणि ती शंका चुकीची ठरली तरी मान खाली न घालता परत येणे, हे अंगवळणी पडायला काही महिने लागतात. संस्थेलाही याची जाण आहे. पदवीच्या पहिल्या सत्रात केवळ उत्तीर्ण झाल्याची नोंद होते आणि अनुत्तीर्ण विषयाची नोंदच राहत नाही.

प्राध्यापिका : आणि हात? रॉजर्स यांचा आग्रह तर हातांवर होता.

अभियंता : तेच सांगायचे होते. १९६९ पासून तेथे पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात सामील करून घेण्याची योजना आहे. १८ वर्षांचा विद्यार्थी ज्या प्रश्नावर काम करतो त्याचे उत्तर कोणालाच आधी ठाऊक नसते. आपल्या महाविद्यालयांत प्रयोग म्हणजे अपेक्षित आकडा येईपर्यंत वाचने जुळवणे. प्रयोगवही वर्षाअखेर एकदम लिहिली जाते, आलेख आधी काढला जातो आणि बिंदू नंतर बसवले जातात. बाई, आपणही हे पाहिले असेल.

प्राध्यापिका : पाहिले आहे आणि तीस वर्षे त्याविरुद्ध भांडणही केले आहे. पण साठ विद्यार्थ्यांमागे एक चालू यंत्र, दुरुस्तीसाठी निधी नाही आणि विद्यापीठाची परीक्षा मात्र ठरलेल्या तारखेला, अशा स्थितीत शिक्षकाने काय करावे? खोटी वाचने ही विद्यार्थ्याची लबाडी असते त्याहून अधिक ती व्यवस्थेची लाचारी असते.

या ठिकाणी संवाद क्षणभर थांबवून एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. परदेशी तंत्रविद्यापीठाचा आपल्याकडे जो बोलबाला होतो तो त्याच्या नावाचा, क्रमवारीतील स्थानाचा आणि तेथून मिळणाऱ्या पगाराचा होतो. परंतु अभियंत्याच्या वर्णनातून जे पुढे येते ते अगदी साधे आहे, आणि त्यातील बराचसा भाग पैशाने नव्हे तर शिस्तीने साधणारा आहे. चुकलेले वाचन चुकलेले म्हणून वहीत राहू देणे आणि तरीही त्या वहीला गुण देणे, यासाठी चार्ल्स नदी लागत नाही.

प्राध्यापिका : आता दुसरी बाजू पाहा. त्या प्रयोगशाळेत उत्तर कोणालाच ठाऊक नसते हे खरे. पण प्रश्न कोण ठरवतो? दुसऱ्या महायुद्धात तेथील रेडिएशन लॅबोरेटरीने रडारवर काम केले आणि तेव्हापासून संस्थेच्या संशोधनाचा फार मोठा भाग अमेरिकी संघराज्याच्या पैशावर चालत आला आहे. एमआयटीच चालवत असलेल्या लेक्सिंग्टनच्या लिंकन लॅबोरेटरीतील गोपनीय संरक्षणकामात परदेशी विद्यार्थ्याला शिरकाव नसतो. चीनच्या चिआन श्युएसेन यांनी १९३६ मध्ये तेथूनच पदव्युत्तर पदवी घेतली, पुढे ते अमेरिकेच्या रॉकेट संशोधनात अग्रेसर झाले आणि १९५० मध्ये केवळ संशयावरून त्यांच्यावर बंधने आली. १९५५ मध्ये ते चीनला परतले आणि तेथील क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक ठरले. पाहुण्याला घरात कोठवर येऊ द्यायचे हे यजमान ठरवतो. आणि यजमानाचे प्रश्न यजमानाच्या गरजेचे असतात. विदर्भात आजही कापूस हाताने वेचला जातो, कारण आपल्या लहान तुकड्यांच्या शेतात आणि टप्प्याटप्प्याने फुटणाऱ्या बोंडांवर अमेरिकी वेचणीयंत्र चालत नाही. या प्रश्नावर पाच वर्षे घालवायला तेथील कोणता मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्याला सांगेल?

अभियंता : क्वचित एखादा सांगेलही. एमी स्मिथ यांनी २००२ मध्ये तेथे ‘डी-लॅब’ सुरू केली ती गरीब देशांतील रोजच्या अडचणींवर साधी, स्वस्त साधने तयार करण्यासाठीच. पण आपला आक्षेप मूलतः बरोबर आहे. असे काम तेथे कडेला राहते. मात्र प्रश्न परक्याचा असला तरी तो सोडवण्याची रीत परकी राहत नाही. गाळमिश्रित पाणी उपसताना पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारे पात्यांचे चाक, का झिजते हे शोधण्यासाठी झिजेचे मोजमाप कसे करायचे, एका वेळी एकच घटक कसा बदलायचा आणि स्वतःच्याच आवडत्या अनुमानाविरुद्ध पुरावा कसा गोळा करायचा, हे जेथे शिकले तेथे गाळ नव्हता. तरीही ते सांगलीच्या नदीकाठच्या पंपाला लागू पडते.

प्राध्यापिका : लागू पडते, कारण सांगलीच्या पंपाचा कारखाना येथे आहे आणि त्याच्या मालकाने मोजमापाचे उपकरण विकत घेतले. त्याने ते घेतले नसते तर तुम्ही आज कोठे असता?

अभियंता या प्रश्नाचे उत्तर थेट देत नाही, आणि ते देण्याची गरजही उरत नाही. त्याऐवजी तो फकीरचंद कोहली यांचे नाव घेतो. कोहली यांनी १९५० मध्ये एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली, १९५१ मध्ये ते मुंबईच्या टाटा वीज कंपनीत रुजू झाले आणि विजेच्या जाळ्याचे नियंत्रण संगणकावर आणण्याचे काम त्यांनी केले. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची धुरा त्यांच्याकडे आली ती त्यानंतर. त्या कंपनीच्या आरंभकाळातील ललित कनोडिया हेही एमआयटीचेच. प्राध्यापिकेला हे उदाहरणही आपल्याच बाजूचे वाटते, कारण विजेचे जाळे आधी होते आणि कोहली नंतर आले. परंतु नरेंद्र पटनी यांचे उदाहरण तिच्या मांडणीत सहजी बसत नाही. एमआयटीत शिकलेल्या पटनींनी केंब्रिजमध्ये राहून, छापील मजकूर भारतात संगणकीय रूपात उतरवून घेण्याचा व्यवसाय १९७० च्या दशकात सुरू केला तेव्हा त्या व्यवसायाची जमीन भारतात तयार नव्हती. ती त्यांनीच केली, आणि त्यांच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली.

प्राध्यापिका : पटनींचे श्रेय नाकारायचे नाही. पण अशी माणसे शतकात थोडी निघतात. बाकीच्यांसाठी जागा आधी असावी लागते. नलिनीरंजन सरकार यांच्या समितीने १९४६ मध्ये उच्च तंत्रसंस्थांची शिफारस केली तेव्हा तिच्यापुढे एमआयटीचाच नमुना होता. १९५१ मध्ये खरगपूरची आयआयटी निघाली, आणि १९६२ ते १९७२ या काळात एमआयटीसह नऊ अमेरिकी संस्थांनी कानपूरच्या आयआयटीच्या उभारणीला साहाय्य केले. शाळा आपण उभारली, उत्तम उभारली. तिच्यातून बाहेर पडणाऱ्यांना काम देणारे कारखाने, प्रयोगशाळा आणि संशोधनावर पैसे घालणारे उद्योग मात्र त्या प्रमाणात उभे केले नाहीत. मग कानपूर आणि पवईच्या आयआयटीतला विद्यार्थी विमानात बसला तर नवल ते काय?

अभियंता : म्हणजे आता आपला रोष विद्यार्थ्यावर नाही.

प्राध्यापिका : तो पूर्वी होता, हे खरे. आता तो जागा न करणाऱ्यांवर आहे. तरीही जाणाऱ्याने एवढे तरी करावे : जाण्यापूर्वी आपल्या तालुक्यातील, आपल्या जिल्ह्यातील कारखान्याचा एखादा न सुटलेला प्रश्न माहीत करून घ्यावा. परतणे होवो अथवा न होवो, प्रश्न बरोबर असला पाहिजे.

अभियंता : हे शक्य आहे आणि ते उपयोगाचेही आहे. पण जाऊच नये, असे आपणही म्हणत नाही ना?

प्राध्यापिका : नाही. भटांनी जायला नको होते, असे पुण्यातील कोणत्या शिक्षकाला म्हणता येईल?

या संवादात दोघांनी आपापल्या मूळ भूमिका पुरत्या सोडलेल्या नाहीत. विद्येने जागा निर्माण होते, असे अभियंत्याला अजूनही वाटते आणि जागेमुळे विद्या टिकते, असे प्राध्यापिकेला वाटते. महाराष्ट्राचा इतिहास मात्र बहुतांशी प्राध्यापिकेच्या बाजूने साक्ष देतो : पैसाफंडाची वर्गणी काचेच्या भट्टीआधी जमली, किर्लोस्करवाडी शांतनुरावांच्या पदवीआधी १६ वर्षे उभी होती आणि मुंबईला वीज पुरवणारी कंपनी कोहलींची वाट पाहत होती. म्हणून परदेशी जाणाऱ्या मुलांना उपदेश करण्यात जी शक्ती खर्च होते ती येथील उद्योगांकडे वळवली पाहिजे. पुणे, कोल्हापूर, सांगली, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर येथील कारखानदारांनी आपल्या नफ्याचा काही भाग चाचणी-प्रयोगशाळांवर लावावा, आपले न सुटलेले तांत्रिक प्रश्न जवळच्या महाविद्यालयांना लेखी कळवावेत आणि परदेशातून शिकून आलेल्या अभियंत्याला विक्रीच्या विभागात न बसवता त्या प्रश्नांवर बसवावे.